अप्पर-डिप्पर

आमच्या घरी मारुती ८०० आहे. हे हॉस्टेलवर सांगितलं की दोनच प्रश्न येतात. मेकॅनिकलची मुलं विचारतात, "अजून चालते?" आणि बाकीचे विचारतात, "विकणार आहात का?" तर मंडळी, उत्तरं अनुक्रमे 'हो' आणि 'नाही'. कंपनीने ही गाडी बनवणं २०१४ मध्ये थांबवलं, पण आमच्या बाबांना तसं कुणी कळवलेलं नाही. आमची गाडी २००९ सालची. २०२४ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली, तेव्हा बाबांनी तिला धुऊन-पुसून आरटीओत नेलं आणि पाच वर्षांचं पासिंग वाढवून आणलं. त्या दिवशी घरी शिरा झाला होता. माझ्या दहावीच्या निकालाला पेढे आणले होते, ते बाजारातून.

आधीच सांगते, माझं मराठी जरा इंग्रजाळलेलं आहे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मधल्या सुट्टीत मराठी बोललं तर दंड असायचा, आणि घरी आजी मालवणीशिवाय काही बोलत नाही. त्या दोघांच्या मधलं जे काही उरलं ते माझं मराठी. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

आमचं गाव सावंतवाडी. बाबांचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणपतीच्या आधी मंडळांची पावतीपुस्तकं. कागद आणायला ते दर मंगळवारी बेळगावला जातात. सकाळी जायचं, दुपारी दुकानं फिरायची, कागद भरायचा आणि संध्याकाळी शिनोळी, कानूर करत आंबोलीचा घाट उतरून रात्री नऊपर्यंत घरी. वीस वर्षं हा नेम आहे. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भूगोलाच्या पुस्तकात हा आकडा वाचून टिक करायला सोपा आहे, पण जुलैमध्ये त्यातून गाडी चालवायची म्हणजे काय ते तिथल्याच माणसाला माहीत. पाऊस, त्यात धुकं, आणि वर पठारावर गवे.

गव्यांबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण हा सगळा उद्योग गव्यामुळेच सुरू झाला. पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोपर्यंत भरतो. आमची गाडी रिकामी असताना साडेसहाशे किलोच्या आसपास. म्हणजे रस्त्यावर गाठ पडलीच तर कोण कुणाला धडकलं हे विचारण्यात अर्थ नाही. गव्याचा रंग काळाकुट्ट, ओल्या डांबरासारखाच. त्याने आपल्याकडे पाहिलं तर डोळे चमकतात, पण तो आपल्याकडे पाहीलच असं कुठे लिहिलंय? तोंड फिरवून उभा असेल तर दिसतात ते फक्त पाय. गुडघ्याखाली गव्याचे पाय पांढरट असतात, पांढरे मोजे घातल्यासारखे. बाबा म्हणतात, "रात्री गवा दिसत नाही, मोजे दिसतात."

गेल्या फेब्रुवारीत कानूरच्या पुढे बाबांना मोजे फार उशिरा दिसले. गाडी थांबली तेव्हा मध्ये एका बाकाएवढं अंतर होतं. हे त्यांनी मला फोनवर विनोद म्हणून सांगितलं. गवा कसा त्यांच्याकडे बघून शेपटी हलवत गेला वगैरे. शेवटी म्हणाले, "लायटीचो जोर कमी झालो हा. तू ये सुट्टीत, मगे बघूया." मी हसले, फोन ठेवला आणि त्या रात्री माझा अभ्यास झाला नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. घरचे फोनवर जे हसत सांगतात, ते आपण रात्री दोन वाजता परत ऐकतो.

वहीच्या मागच्या पानावर मी गणित मांडलं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. माणसाने बघून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच गेले. पुढे ओल्या रस्त्यावर, टायरची पकड बेताचीच धरून, थांबायला आणखी ३५ मीटर. झाले ६०. आणि डिप्परवर काळी वस्तू ओळखू येते ती फार तर ४०-५० मीटरवर. उरलेले दहा-वीस मीटर देवाच्या भरवशावर! यावर उपाय दोनच. हळू जा, नाहीतर लांबचं बघ. हळू जायला मी सांगितलं होतंच. बाबा 'हो' म्हणाले होते, आणि बाबांच्या त्या 'हो'चा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

जूनमध्ये सेमिस्टर संपवून घरी गेले, तर आमच्या नेहमीच्या मेस्त्रींनी उपाय आधीच सुचवून ठेवला होता. "शंभरचे बल्ब घाल, मगे बघ दिवसासारख्या दिसतला." आता हेडलाईटचा नेहमीचा एच४ बल्ब असतो ६०/५५ वॅटचा, अप्परला ६० आणि डिप्परला ५५. बाजारात १००/९० चेही मिळतात आणि सर्रास खपतात. पण सोळा वर्षांची वायर, सोळा वर्षांचा होल्डर आणि सोळा वर्षांचा स्विच! त्यातून जवळजवळ पावणेदोन पट करंट न्यायचा म्हणजे होल्डर वितळायला आमंत्रण. शिवाय समोरच्याचे डोळे जाणार ते वेगळंच. मी नको म्हटलं. मेस्त्रींना राग आला नाही, ते फक्त म्हणाले, "तुमी शिकलेली माणसां," आणि बिडी पेटवली.

मी मीटर आणला होता. (लॅबमधला नव्हे हो! स्वतःच्या पैशांचा, साडेतीनशे रुपयांचा.) इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजलं, तर १४.१. मग हेडलाईटच्या मागचं रबर सरकवून पेटत्या बल्बच्या टोकांवर मोजलं, तर १२.४. म्हणजे १.७ व्होल्ट वाटेतच कुठेतरी खर्च होत होते. आकडा किरकोळ वाटतो ना? पण हॅलोजनचा स्वभाव फार नाजूक आहे. व्होल्टेज ५ टक्के घटलं की उजेड साधारण १५ टक्के घटतो. १.७ व्होल्टच्या तुटीत एक तृतीयांशाहून जास्त उजेड गेला होता! बाबांची तक्रार अगदी खरी होती. आमच्या सरांचं एक वाक्य आहे, "रिडिंग आधी घ्या, मत नंतर द्या." लॅबमध्ये मला त्याचा कंटाळा यायचा.

तो सबंध दिवस मी नवीन काहीच लावलं नाही, नुसती साफसफाई केली. अर्थिंगची वायर बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे कोकणच्या हवेने गंज धरलेला. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवीन थिंबल लावलं, वर ग्रीस. कनेक्टर एकेक करून सोडवले, घासले, परत बसवले. संध्याकाळी बल्बवर १३.५ मिळाले. म्हणजे एक रुपयाचा नवा दिवा न लावता उजेड एक तृतीयांशाने वाढला. खर्च: पॉलिश पेपर, चार थिंबलं, आणि आईची ओरड, कारण ग्रीसचे हात मी तिच्या चांगल्या टॉवेलला पुसले असं तिचं म्हणणं आहे. तो टॉवेल चांगला होता हे मला मान्य नाही.

आता जोडदिवे. यात लोक फार घोळ घालतात म्हणून सांगते. फॉग लॅम्प वेगळा आणि ड्रायव्हिंग लॅम्प वेगळा. फॉग लॅम्पचा झोत रुंद आणि चपटा, वरून कापल्यासारखा. तो खाली बसवायचा, म्हणजे गाडीसमोरची रस्त्याची कड दिसते. ड्रायव्हिंग लॅम्पचा झोत अरुंद आणि लांब, तो फक्त अप्परच्या जोडीने वापरायचा. धुक्यात तो लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्याचे थेंब सगळा उजेड आपल्याच तोंडावर परत फेकतात. मेस्त्रींचं मत पडलं की पिवळे लावा, पिवळा उजेड धुकं कापतो. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण धुक्याचे थेंब काही मायक्रॉनपासून काही दहा मायक्रॉनपर्यंत असतात आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबी एका मायक्रॉनपेक्षाही कमी. एवढ्या मोठ्या थेंबाला पिवळं काय नि पांढरं काय, तो सगळ्यांना सारखाच विखुरतो. फ्रान्समध्ये मात्र १९९३ पर्यंत हेडलाईट पिवळेच लावायचा नियम होता. तेव्हा मेस्त्री एकटे नाहीत!

आम्हाला हवे होते ते पठारावरच्या काळोखासाठी, म्हणजे ड्रायव्हिंग लॅम्प. धुक्यात ते बंद, घाटात समोरून गाडी आली की बंद. एलईडीचे बार घेऊया असं चुलतभाऊ म्हणत होता. जीपच्या टपावर लावतात ते. गोव्याच्या रस्त्यावर असल्या बारवाल्यांनी जो उच्छाद मांडलाय तो पाहिलेल्या माणसाने घरात तो शब्द काढू नये. समोरच्याचे डोळे दिपतील असा दिवा लावायला मोटार वाहन नियमांत बंदी आहे, ती काही शोभेसाठी नाही. पूर्वी हेडलाईटवर काळा ठिपका रंगवायचे तो त्याचसाठी. तेव्हा बाजारातून ५५ वॅटचे दोन साधे गोल हॅलोजन दिवे आणले.

मला सगळ्यात जास्त मजा आली ती वायरिंगमध्ये. दोन दिवे, ११० वॅट, १२ व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या चिमुकल्या स्विचमधून न्यायचा नाही, म्हणून रिले. रिलेच्या पोटात एक कॉइल असते. तिला पाव अँपिअरपेक्षाही कमी करंट पुरतो. ती 'टिक' करून मोठा संपर्क जुळवते आणि मोठा करंट बॅटरीतून थेट दिव्याकडे जातो. हे स्विचगिअरच्या पेपरात मी चार मार्कांना लिहिलेलं आहे, पण तो 'टिक' मी पहिल्यांदा आमच्या अंगणात ऐकला. रिलेच्या पायांवर नंबर असतात ३०, ८५, ८६, ८७. मधल्या नंबरांचं काय झालं असं आजीनेसुद्धा विचारलं. ते जर्मन मानकातले नंबर आहेत. गाडीतल्या प्रत्येक कामाच्या टोकाला त्यांनी नंबर ठरवून दिलाय. ३० म्हणजे बॅटरीतून थेट आलेली वायर, ३१ म्हणजे अर्थ, ५६ए म्हणजे अप्पर, ५६बी म्हणजे डिप्पर. बेळगावच्या दुकानातून घेतलेल्या, कुणी बनवला ते न लिहिलेल्या रिलेवरसुद्धा तेच नंबर. मला हे फार आवडलं. रोल नंबरपेक्षा नीट चालतं.

क्रम असा. सगळ्यात आधी बॅटरीचा मायनस काढला. (मेस्त्री: "ह्यां मात्र बरोबर.") बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज. तो दिव्यांच्या रक्षणासाठी नसतो, वायरच्या रक्षणासाठी असतो, म्हणून बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. वायर कुठे घासून बॉडीला लागली आणि मध्ये फ्यूज नसला तर ती वायरच शेगडी होते. फ्यूजमधून रिलेच्या ३० ला, ८७ मधून दिव्यांना. वायर अडीच स्क्वेअरची. एक स्क्वेअरची मी हिशोबातच बाद केली होती, कारण चार मीटरच्या वाटेत तिने अर्ध्या व्होल्टहून जास्त खाल्लं असतं, अडीचमध्ये पाव. नुकतेच दिवसभर घासून वाचवलेले व्होल्ट परत उधळायचे म्हणजे काय!

आणि कॉइलची दोन टोकं, ८५ आणि ८६, हेडलाईटच्या अप्परच्या फिलामेंटवर घेतली, मध्ये डॅशबोर्डवरचा स्विच. काही गाड्यांत हेडलाईटचा पॉझिटिव्ह तोडतात, काहींत अर्थ तोडतात. पण साध्या कॉइलला दिशा नसते, फिलामेंटच्या दोन टोकांना जोडली की दोन्हीकडे चालते. यातली खरी गोम अशी की अप्पर लागल्याशिवाय आमचे जोडदिवे लागूच शकत नाहीत, आणि डिप्पर मारला की हेडलाईटबरोबर तेही विझतात. वेगळं बटण शोधायला नको. समोरून गाडी आली की बोटाची एक हालचाल, बास. आमच्या बाबांचे बाकी काही असो, डिप्पर मारायला ते कधी चुकत नाहीत. समोरच्याने मारला नाही तर त्याच्या पूर्वजांपर्यंत पोचतात.

बंपर प्लास्टिकचा, त्यावर दिवा बसवला तर तो नंदीबैलासारखी मान हलवत राहतो. म्हणून मेस्त्रींनी लोखंडी एल पट्टी कापून, भोकं पाडून, मागच्या पत्र्याला आवळून दिली. ते काम माझ्याच्याने झालं नसतं. पैसे घेतले नाहीत. फक्त रिले उघडून आतली कॉइल दाखव म्हणाले, ती दाखवली. बल्ब बसवताना काचेला बोट लावायचं नाही, कागदात धरायचा. हातांचं तेल काचेवर राहिलं तर तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. आजी म्हणाली, "देवाच्या दिव्याक सुद्धा इतक्या सोवळ्या नाय."

झोत लावायला रात्र हवी आणि भिंत हवी. आमच्या घरासमोर शाळेची कंपाऊंडची भिंत आहे. हेडलाईटच्या काचेच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर पट्टी चिकटवली. दहा मीटरवर डिप्परची कड दहा सेंटिमीटर खाली यायला हवी, पाच मीटरवर पाच. पण इथे एक गोष्ट कुठल्याही किटच्या कागदावर नसते. बाबा परत येतात ते कागद भरून! मागे शंभर किलो कागद असला की गाडीचं नाक वर होतं आणि झोत समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत. मग रिकाम्या गाडीवर ॲडजस्ट करून काय उपयोग? छापखान्यातून पत्रिकांचे गठ्ठे आणून मागे भरले. तरी थोडं कमी पडत होतं. आजी स्वतःहून पुढे आली. "माका बसव." अठ्ठेचाळीस किलो, नऊवारी लुगड्यासकट. ती मागच्या सीटवर दीड तास बसली, आणि दर पाच मिनिटांनी भिंतीवरचा उजेड वर-खाली होताना बघून, हे कॉलेजात शिकवतात का म्हणून विचारत होती. उजवा दिवा सरळ, डावा किंचित डावीकडे, कारण गवे डाव्या बाजूच्या झाडीतूनच जास्त येतात असा बाबांचा वीस वर्षांचा अनुभव. तेवढ्यात लाईट गेली. (जूनमध्ये आमच्याकडे ती येते हीच बातमी असते.) शेजारच्यांनी लगेच गाडी थोडी वळवून त्यांच्या अंगणावर उजेड पाडायची विनंती केली. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर हेडलाईट आणि जोडदिवे मिळून किती वेळ चालतील याचा हिशोब मी त्यांना सांगत होते. त्यांनी तोवर मासे साफ करून घेतले.

दुसऱ्या दिवशी रात्री बाबा आणि मी आंबोलीच्या वर कानूरकडे गेलो. पाऊस नव्हता, धुकं नव्हतं, रस्ता मोकळा. बाबांनी अप्पर मारला, 'टिक' आणि समोरचा रस्ता एकदम लांब झाला. झाडांची बुंधं, मैलाचा दगड, पार वळणापर्यंत. बाबा काही बोलले नाहीत, फक्त सीटवर थोडे मागे सरकून बसले. त्यांना आवडलं की ते असं करतात. गवा काही दिसला नाही. काळी छत्री घेऊन चाललेला एक माणूस मात्र खूप लांबून दिसला, त्याच्या पायात खरंच पांढरे मोजे होते. आम्ही दोघं हसलो.

मग समोरून एसटी आली. बाबांनी वेळेवर डिप्पर मारला, एसटीनेही मारला. आणि बाबांनी गाडी जवळजवळ थांबवली. साठवरून वीसवर. एसटी गेल्यावर चार-पाच सेकंद ते तसेच हळूहळू गेले, रस्ता चाचपडत, आणि मग परत वेग घेतला. मला वाटलं एसटीचा दिवा वर असेल. पुढे एक मोटारसायकल आली, साधी, एका दिव्याची. पुन्हा तेच.

मी विचारलं, "बाबा, समोरचा दिवा कसा दिसतो हो तुम्हाला?"

"कसा म्हणजे? दिव्यासारखा. भोवती कडं असतं ना, तसं."

"कसलं कडं?"

"गो, सगळ्यांनाच दिसतं ते. चंद्राला खळं पडतं तसं. नि त्यातून बारीक रेघा."

मला दिसत नव्हतं. मी तेव्हा काही बोलले नाही. परत येताना घाटात मी मनातल्या मनात मोजत होते. उतरताना अकरा गाड्या समोरून आल्या, अकराही वेळा बाबांनी गाडी डावीकडे घेतली ती बघून नव्हे, पाठांतराने. वीस वर्षांत कुठे कठडा आहे, कुठे नाही, हे त्यांच्या हातांना माहीत झालंय.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती भांडी लावत होती. म्हणाली, "वर्ष झालं. पत्रिकेचं प्रूफसुद्धा आता उन्हात नेऊन वाचतात. मी म्हटलं तर चिडतात." आजी आतून म्हणाली, "तुझ्या बापाशीक दिसणा नाय बरोबर, ह्यां माका दिवाळीपासून म्हायत." म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे मिळून हेडलाईटला नावं ठेवत होतो.

हे बाबांना सांगणार कोण, हा प्रश्न दोन दिवस घरात फिरत होता. आई म्हणाली, तू सांग, तुझं ऐकतात. आमच्या घरात 'ऐकतात' आणि 'करतात' यात बरंच अंतर आहे. मी शेवटी त्यांना वही दाखवली. बल्बवर आधी १२.४, नंतर १३.५. झोताची उंची. जोडदिव्यांचे वॅट. छापखान्यातल्या माणसाला छापील-लिहिलेल्याचं महत्त्व असतं. म्हटलं, "बाबा, गाडीकडून जे होणार होतं ते सगळं झालं, हे रिडिंग. एसटी आली तेव्हाही दिवे एवढेच होते. आता एक रिडिंग राहिलं, ते माझ्या मीटरने घेता येत नाही." ते बराच वेळ वही बघत बसले. मग म्हणाले, "मंगळवार सोडून कधीही."

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, उजव्यात जास्त. डोळ्यातलं भिंग गढूळ झालं की समोरून येणारा उजेड सरळ पडद्यावर न पडता आतल्या आत विखुरतो, म्हणून दिव्याभोवती कडं दिसतं आणि बाकीचा रस्ता त्या उजेडात बुडून जातो. धुक्यात अप्पर मारल्यावर होतं तसंच. मी बाहेरच्या धुक्यावर एवढं वाचलं होतं, की डॉक्टर समजावत असताना पुढचं वाक्य मला येत होतं. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "नवीन लायटी लावल्या तरी?" डॉक्टर म्हणाले, तुमच्या लायटींनी लांबचं दिसेल, पण समोरच्याच्या लायटींचं काय करणार? ऑपरेशन होईपर्यंत रात्री गाडी चालवायची नाही.

बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते घरी येऊन गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, आणि मेस्त्री आले तेव्हा त्यांना म्हणाले, "पोरीन लायटी बऱ्या बसवल्यान."

जुलैमध्ये हॉस्टेलवर परत यायच्या आधीचे दोन मंगळवार बेळगावहून येताना गाडी मी चालवली. लायसन्स मला दोन वर्षांपूर्वीच मिळालंय, घाट मात्र रात्रीचा पहिल्यांदाच. शेजारच्या सीटवर बाबा. समोर लांबवर कुठे नुसता उजेडाचा भास झाला तरी "डिप्पर! डिप्पर!" आणि मी मारलेला असायचा. दुसऱ्या मंगळवारी घाटमाथ्यावर धुकं इतकं होतं की बॉनेटच्या पुढचं काही दिसेना. जोडदिवे बंद, डिप्पर, दुसरा गिअर, काच थोडी खाली करून. बाबा तोंडाने रस्ता सांगत होते. "आता डावीकडे दरी. आता धबधबा, आवाज ऐक. आता सरळ." धबधब्याचा आवाज खरंच आला. तो घाट मी बघितला असं म्हणता येणार नाही, ऐकला.

सध्या बाबा मंगळवारी सकाळच्या एसटीने जातात आणि अंधार पडायच्या आत परततात. कागद ट्रान्सपोर्टने येतो, त्याचे जादा पैसे पडतात आणि ते पैसे ते मला दर आठवड्याला फोनवर पैशांसकट मोजून सांगतात. पावतीपुस्तकांची गर्दी संपली की ऑक्टोबरमध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन, तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांचा हंगाम सुरू व्हायच्या आत. डाव्याचं नंतर. तारीख ठरलीय. मी त्या आठवड्यात सबमिशन आधी देऊन घरी जाणार आहे. माझी फाईल कुणाला उतरवून घ्यायची असेल त्यांनी आताच नंबर लावावा.

परवा फोनवर म्हणाले, गाडी दिवसा चालू करून ठेवतो, बॅटरी उतरायला नको. रात्री अंगणातल्या अंगणात जोडदिवे लावून बघतो. मग थोडं थांबून म्हणाले, "डावी लाईट जरा डावीकडे मारते गो. येशील तेव्हा सरळ कर." मी म्हटलं, ती गव्यांसाठी मुद्दाम तशी लावलीय, तुम्हीच सांगितलं होतं. तर म्हणतात, "मी? मी कधी?"